सापाच्या डब्यावरचे गाव : ‘लोकॅलिटी’ आणि ‘ब्लडलाइन’ म्हणजे नेमके काय?

२०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले, त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टला, परदेशी पाळीव प्राण्यांच्या सरकारी नोंदणीची मुदत संपत होती. माझा भाचा बडोद्यातल्याच अकोट्याला राहतो. तळमजल्यावर पाणी चढू लागल्यावर त्याने आपला बॉल पायथन, म्हणजे पाळलेला लहानसर आफ्रिकी अजगर, उशीच्या अभ्र्यात घातला, अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारली आणि तो वरच्या मजल्यावर नेला. सापाबरोबर त्याने डब्यावर चिकटवलेले कार्डही जपून नेले होते. त्यावर दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याच्या अक्षरात लिहिले होते : ‘मादी, शुद्ध व्होल्टा ब्लडलाइन, १०० टक्के’. पाणी ओसरल्यावर ते ओलसर कार्ड माझ्यापुढे धरून तो म्हणाला, “मावशी, हे व्होल्टा म्हणजे जात, की गाव, की रंग? याच शब्दासाठी त्यानं माझ्याकडून जास्त पैसे घेतले.”

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, तरी या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे मला जमले नाही. नोंदणीच्या नियमांमुळे परदेशी साप पाळणारी अनेक घरे आता उजेडात आली आहेत आणि अशी कार्डे त्या घरांमधूनही असणार, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडत आहे.

आधी तीन शब्द वेगळे करू

साप पाळणाऱ्यांच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात आणि बहुतेक गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. ‘मॉर्फ’ म्हणजे रंगरूपाचा प्रकार, जो एखाद्या जनुकातल्या बदलामुळे येतो. पांढरा-पिवळा, लालसर डोळ्यांचा अल्बिनो हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. ‘लाइन’ किंवा ‘ब्लडलाइन’ म्हणजे एखाद्या पाळणाऱ्याने ठरावीक जोड्या लावून पुढे चालवलेली वंशमालिका. ‘लोकॅलिटी’ म्हणजे त्या वंशाचे पूर्वज निसर्गात ज्या ठिकाणी पकडले गेले ते ठिकाण.

तिसऱ्या शब्दाला मराठीत नेमका जोड शब्द आहे, तो म्हणजे ‘मूळ गाव’. बडोद्यातल्या मराठी घरात पाच-पाच पिढ्या येथेच जन्मलेल्या असतात, तरी कुणी विचारले की आपण मूळ गाव सातारा किंवा रत्नागिरी सांगतो. ते गाव आपण कसे ओळखतो? चेहऱ्यावरून नव्हे, तर आजोबांनी सांगितले म्हणून, कुळवृत्तांतात छापले आहे म्हणून किंवा कुलदैवत तिकडचे आहे म्हणून. सापाची लोकॅलिटी अगदी अशीच असते. लोकॅलिटी हा सापाच्या अंगाचा गुण नाही; तो त्याच्या इतिहासाविषयीचा दावा आहे, आणि सापाला आजोबांकडून ऐकलेले सांगता येत नसल्यामुळे तो दावा पूर्णपणे माणसाने ठेवलेल्या नोंदीवर उभा असतो. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीतून निघते.

उंझ्याचे जिरे आणि टोगोचा अजगर

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसर अजगर आहे. भीती वाटली की तो अंगाची घट्ट गुंडाळी करून डोके आत लपवतो, म्हणून त्याला ‘बॉल’ म्हणतात. घाना, टोगो आणि बेनिन या शेजारी देशांतून तो अनेक दशके निर्यात होत आला आहे. तेथे बऱ्याचदा अंड्यांवर आलेल्या माद्या किंवा थेट अंडी आसपासच्या शेतांतून आणि बिळांतून गोळा केली जातात, निर्यातदाराच्या आवारात ती उबवली जातात आणि पिल्ले विमानाने बाहेर जातात. त्या पिल्लांच्या कागदांवर देशाचे नाव असते, परंतु ज्या बिळातून मादी निघाली ते बीळ कोणत्या गावच्या शिवारात होते, याची नोंद क्वचितच कुणी करते.

आपल्याकडे उंझ्याचे जिरे प्रसिद्ध आहे. उंझा ही जिऱ्याची मोठी बाजारपेठ आहे आणि तेथे सौराष्ट्रातून आणि राजस्थानातून माल येतो. पोत्यावर ‘उंझा’ छापले म्हणजे जिरे उंझ्याच्या मातीत पिकले असे होत नाही, आणि व्यापाऱ्यालाही तसे सुचवायचे नसते. सापांच्या बाजारात मात्र बाजारपेठेचे नाव पुढच्या दोन-तीन हातांतून जाताना शेताचे नाव बनते. न्यू गिनीतल्या हिरव्या वृक्ष-अजगराच्या पिल्लांना ‘सोरोंग’ आणि ‘जयापुरा’ अशी नावे लावली जातात. ही दोन्ही बंदराची शहरे आहेत, आणि तेथून चढलेला साप नेमका कोणत्या खोऱ्यातला होता हे शहराच्या नावावरून कळत नाही.

त्याच सापाबाबत आणखी गंभीर गोष्ट समोर आली. जेसिका लायन्स आणि डॅनियल नटुश या संशोधकांनी इंडोनेशियातल्या व्यापाराचा माग काढून २०११ साली दाखवून दिले की, पिंजऱ्यात पैदास झालेले म्हणून दरवर्षी निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात जंगलातून पकडलेले होते. साप पिंजऱ्यात जन्मला की जंगलात, ही साधी गोष्टही जेथे कागदावर खोटी लिहिली जाते, तेथे खोऱ्याच्या नावावर किती भिस्त ठेवायची, याचा विचार ज्याने त्याने करावा.

भाच्याच्या कार्डावरचे ‘व्होल्टा’ हे घानातल्या व्होल्टा नदीच्या परिसराचे नाव आहे. तिकडच्या माद्या आकाराने मोठ्या होतात अशी या सापांची ख्याती आहे, म्हणून त्यांना भावही जास्त मिळतो. याचा परिणाम असा होतो की एखादी मादी दांडगी निघाली की तिला कुणीतरी व्होल्टा म्हणू लागते. ठिकाणावरून गुण सांगण्याऐवजी गुणावरून ठिकाण ठरवले जाते.

गावाचे नाव रंगाचे नाव कसे होते : ओकीटीची गोष्ट

ही घसरण किती दूर जाऊ शकते हे पाहायचे तर अमेरिकेतल्या कॉर्न स्नेककडे पाहावे. हा बिनविषारी, नारिंगी-तांबूस, आपल्या धामणीच्या घराण्यातला साप आहे आणि जगात सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. साउथ कॅरोलिना राज्याच्या जॅस्पर काउंटीत ओकीटी नावाच्या शिकार क्लबची जमीन आहे. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंड प्राणिसंग्रहालयातले सर्पतज्ज्ञ कार्ल कॉफेल्ड यांनी तेथल्या सापांविषयी १९५७ साली लिहिले आणि गर्द नारिंगी अंगावर काळ्या जाड कडांचे लाल पट्टे असलेला ओकीटीचा कॉर्न स्नेक हौशी लोकांच्या डोळ्यांत भरला.

पुढे दोन वेगवेगळे लोक दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊ लागले. काहींनी खरोखर त्या जमिनीवरून आणलेल्या सापांची संतती ‘ओकीटी’ म्हणून जपली, तर काहींनी कोठल्याही मूळच्या सापांतून जाड काळ्या कडांची पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या निवडली आणि त्यांनाही ‘ओकीटी’ म्हटले. नंतर काळा रंगच नसलेल्या अल्बिनो सापांमध्ये त्याच जागी रुंद पांढऱ्या कडा आणून त्यांना ‘रिव्हर्स ओकीटी’ असे नाव मिळाले. रिव्हर्स ओकीटी नावाचे गाव जगात कुठेही नाही. तो केवळ रंगाचा प्रकार आहे, आणि सुंदर आहे. त्यात गैर काही नाही. गैर इतकेच की नवखा माणूस ‘ओकीटी’ हा शब्द वाचून एक गोष्ट समजतो आणि पैसे दुसऱ्याच गोष्टीचे देतो. त्या शब्दापुढे ‘लोकॅलिटी’ लिहिले आहे की नाही, हे म्हणूनच विचारावे लागते.

“पण जाणकाराला पाहताक्षणी कळत नाही का?”

हा आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो, आणि तो अगदी निराधार नाही. काही ठिकाणचे साप खरोखर वेगळे दिसतात. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे बोआ, ज्यांना बाजारात ‘हॉग आयलंड’ म्हणतात, ते मुख्य भूमीवरच्या बोआंपेक्षा लहान आणि फिकट असतात, कारण बेटामुळे ते वेगळे पडले.

परंतु जमीन सलग असते तेथे साप हळूहळू बदलत जातात. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. पुण्याची मराठी, नाशिकची, धुळ्याची, आणि गुजराती वळण घेतलेली आपली बडोद्याची मराठी यांत फरक आहे, पण ‘येथे ही संपली आणि ती सुरू झाली’ अशी रेघ कुठल्याही रस्त्यावर ओढलेली नाही. सापांचे रंग, खवल्यांची संख्या, आकार हेही असेच बदलतात. त्या उतारावर मधूनच खुंटी ठोकून तिला नाव देणे ही माणसाची सोय आहे.

शिवाय एकाच ठिकाणी दोन रूपे असू शकतात. टेक्सासच्या पश्चिम भागातला करड्या पट्ट्यांचा किंगस्नेक हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचे एक रूप बारीक पट्ट्यांचे आणि दुसरे रुंद नारिंगी पट्ट्यांचे. एके काळी ही दोन वेगळ्या जातींची जनावरे मानली जात होती. मग एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रूपांची पिल्ले निघाली. या सापाचे शौकीन आता लोकॅलिटीची नोंद सर्वांत काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये गणले जातात आणि साप कोणत्या रस्त्यावर, कितव्या मैलाजवळ सापडला हेही लिहितात. नुसत्या दिसण्याने फसगत होते, हे त्यांना त्या सापानेच शिकवले.

शंभर टक्क्यांचा हिशेब

समजा, एका नोंद असलेल्या वंशात एकदाच मूळ ठाऊक नसलेला नर आला. त्याच्या पिल्लांत निम्मा वाटा अज्ञात. त्या पिल्लांची जोडी पुन्हा नोंद असलेल्या सापांशी लावली तर पुढच्या पिढीत सरासरी २५ टक्के, मग १२.५, मग ६.२५, आणि पाचव्या पिढीत सुमारे ३ टक्के. ताकात पाणी घालत गेल्यासारखे हे आहे : आंबटपणा कमी होत जातो, पण ते पुन्हा नुसते पाणी होत नाही. बॉल पायथनची मादी अंड्यांवर यायला साधारण तीन वर्षे लागतात, म्हणजे पाच पिढ्या हा पंधराएक वर्षांचा काळ झाला. एवढ्या काळात साप तीन-चार घरे बदलतो, पहिली वही हरवते, आणि शेवटच्या कार्डावर पुन्हा ‘१०० टक्के’ येते.

याहून सूक्ष्म चूक अशी की मादी नराचे बीज अंगात महिनोन्‌महिने साठवू शकते. मागच्या हंगामात ती दुसऱ्या नराबरोबर ठेवली होती हे विसरले, तर कार्डावर लिहिलेला बाप खरा असेलच असे नाही. येथे कुणाची नियत वाईट असण्याचीही गरज नसते.

“मग डीएनए तपासून घ्यावा”

टाकलेल्या कातीच्या तुकड्यावरून डीएनए तपासता येतो हे खरे आहे. अल्बिनोसारख्या ठरावीक मॉर्फचे जनुक आहे की नाही, हे अशा तपासणीतून चांगले कळते, कारण तेथे नेमके काय शोधायचे हे ठाऊक असते. ठिकाण शोधण्यासाठी मात्र आधी त्या त्या ठिकाणच्या, नक्की तेथेच सापडलेल्या, अनेक सापांचे नमुने तुलनेसाठी हाती असावे लागतात. ते नसतील तर तपासणीचे उत्तर म्हणजे ओळखपरेडीत एकही माणूस उभा नसताना साक्षीदाराला बोट दाखवायला सांगणे.

त्यातही मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या भागाचा डीएनए तपासला तर तो फक्त आईचा वारसा दाखवतो, कारण तो आईकडूनच मिळतो. आपले आडनाव फक्त वडिलांकडची वाट दाखवते आणि आईकडची, आजीकडची सगळी घराणी त्यात दिसेनाशी होतात; तसेच हे, फक्त उलट्या बाजूने.

शुद्धतेची किंमत

‘शुद्ध’ आणि ‘रक्त’ हे शब्द एकत्र आले की मला अस्वस्थ वाटते, कारण माणसांच्या बाबतीत त्यांनी फार दुःख दिले आहे. १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आणलेल्या गोपाळरावांनी, म्हणजे सयाजीराव महाराजांनी, जे शहर घडवले त्या शहरात राहून तरी आपण गुणांचा हिशेब रक्ताने करू नये. सापांबाबतही मी विद्यार्थ्यांना ‘शुद्ध’ऐवजी ‘नोंद असलेला’ म्हणायला सांगत असे.

त्याचे जीवशास्त्रीय कारणही आहे. एका ठिकाणाहून आलेले दोन-चारच साप पूर्वज असतील आणि बाहेरचे काहीच मिसळायचे नसेल, तर भावंडांच्या जोड्या लावाव्या लागतात. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते, चुलत भावंडांच्या पिल्लात ती ६.२५ टक्के असते. प्रत्येक जिवात काही दोष एकेरी प्रतीत दबलेले असतात. दोन्ही प्रती सारख्या झाल्या की ते उघडे पडतात. अंडी भरत नाहीत, पिल्लांचे कणे वाकडे येतात, काही खातच नाहीत.

निसर्गातच हे घडल्याचा दाखला स्वीडनमध्ये आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्मिगेहुक येथे फुरशाच्या कुळातल्या विषारी अ‍ॅडर सापांची छोटी वस्ती आजूबाजूच्या वस्त्यांपासून तुटली होती आणि तेथे मेलेली किंवा व्यंग असलेली पिल्ले मोठ्या प्रमाणात जन्मत होती. थॉमस मॅडसन, रिचर्ड शाइन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दुसऱ्या वस्तीतले २० नर तेथे सोडले आणि चार हंगामांनंतर त्यांतले उरलेले परत नेले. काही वर्षांत वस्तीतल्या सापांची संख्या झपाट्याने वाढली. त्या वस्तीला शुद्ध ठेवले असते तर ती उरली नसती.

लोकॅलिटी जपणाऱ्यांचे यावर उत्तर असे की मिसळ हवी असेल तर त्याच ठिकाणच्या, पण नात्याने लांबच्या सापांशी करावी. ते योग्यच आहे, परंतु तसे साप असले तर. भारतात परदेशी सापांची संख्या आणि वंश दोन्ही मोजके आहेत, आणि अशा वेळी निकोप पिल्लू हवे की अखंड लेबल, या दोन्हींतून एक निवडावे लागते. माझे मत पिल्लाच्या बाजूने आहे; मात्र मिसळ केली आहे हे कार्डावर लिहिले पाहिजे.

“मिसळले तर कुणाचे काय बिघडते?”

हौसेने पाळलेला साप काचेच्या पेटीतच जगणार असेल, तर त्या सापाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते ज्ञानाचे, आणि ते एकाच दिशेने बिघडते : नोंद असलेल्या वंशातून मिश्र वंश केव्हाही करता येतो, मिश्र वंशातून नोंद असलेला कधीच काढता येत नाही.

गुजरातच्या वाचकांना सिंहाचे उदाहरण जवळचे वाटेल. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांची जी पैदास जपली होती, ती पाच मूळ सिंहांपासून सुरू झाली होती. १९८७ साली जनुकीय तपासणीतून कळले की त्या पाचांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे होते, आणि तोपर्यंत त्यांचा वारसा सगळ्या कळपात पसरलेला होता. आपल्याकडे चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयातही आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला, आणि पुढे त्या सिंहांचे प्रजनन थांबवावे लागले. दोन्हीकडे सिंह दिसायला सिंहच होते.

सापांत याहून ताजी गोष्ट नागराजाची, म्हणजे किंग कोब्राची आहे. १८३६ पासून ज्याला एकच जात मानले जात होते, त्या नागराजाच्या २०२४ साली चार जाती ठरवण्यात आल्या, आणि पश्चिम घाटातल्या जातीला ‘ओफिओफॅगस कालिंगा’ हे नाव मिळाले. ज्या प्राणिसंग्रहालयाच्या वहीत ‘अमुक तालुक्यात पकडला’ असे लिहिले आहे, त्याला आपल्या सापाची जात एका रात्रीत कळली. वहीत नुसते ‘नागराज, नर’ असेल, तर कात प्रयोगशाळेत पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. काल जे केवळ गाव होते ते आज जात ठरू शकते, ही लोकॅलिटी लिहून ठेवण्याच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट आहे.

पाळीव साप बाहेर सुटला तर मात्र मिसळीचा प्रश्न पेटीपुरता राहत नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पसरलेले ब्रह्मी अजगर पाळीव सापांच्या व्यापारातून आलेले. २०१८ साली तेथल्या सुमारे ४०० अजगरांच्या अभ्यासात किमान १३ जणांत आपल्या भारतीय अजगराच्या वारशाच्या खुणा सापडल्या.

बडोद्यात बसून काय करावे

आधी कायदा. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर यांसारखा आपल्याकडचा कोणताही वन्य साप हौसेसाठी पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा त्याला मनाई करतो. २०२२ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापार नियमनाच्या ‘साइट्स’ करारातल्या प्रजाती त्यामुळे चौथ्या परिशिष्टात आल्या. बॉल पायथन त्यांतला आहे, म्हणून तो ताब्यात असल्याची आणि पुढे पिल्ले झाल्यास त्यांचीही नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. ही नोंदणी प्रजातीची आहे. ‘शुद्ध व्होल्टा’ला त्यातून कोणताही शिक्का मिळत नाही, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवून कुणी वंशाची खात्री देत असेल तर ती मान्य करू नये.

विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत : पहिला पूर्वज कुठे आणि कोणत्या साली पकडला गेला, तेव्हापासून आजपर्यंत किती हातांतून वंश आला, आणि मधली एखादी कडी अज्ञात आहे का. जो तिसऱ्या प्रश्नाला ‘हो, ही एक कडी ठाऊक नाही’ असे सांगतो, त्याच्या बाकीच्या दोन उत्तरांवर मी अधिक विश्वास ठेवीन.

भाच्याने विक्रेत्याला फोन केला. विक्रेत्याने साप दुसऱ्याकडून घेतला होता आणि त्या दुसऱ्याचा नंबर आता लागत नव्हता. जुने कार्ड वाळवून भाच्याने पाकिटात ठेवले आहे, कारण तीही एक नोंदच आहे. नव्या कार्डावर त्याने प्रजाती, खरेदीची तारीख, वजन आणि शेवटची कात कधी टाकली हे लिहिले, आणि त्याखाली : ‘मूळ ठिकाण माहीत नाही. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार व्होल्टा, पुरावा नाही.’